वाचक विचारतात : आंब्याची आढी, केळ्यांची खोली आणि इथिलीन

फळांच्या पिकण्याविषयी यंदा आलेली बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईची आहेत, आणि मोसमाला धरून आंब्याची जास्त. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : देवगडहून थेट बागायतदाराकडून पाच डझनांची पेटी मागवली. आंबे कडक, हिरवे होते. हॉलमध्ये टोपलीत पसरून ठेवले. एसी जवळजवळ दिवसभर चालू असतो. आठ दिवसांत काही छान पिकले, काही सुरकुतून गेले, तीन-चार देठाकडून काळे पडले. फ्लॅटमध्ये आढी लावता येते का?
– म. जो., घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : येते. पण आधी काय बिघडलं ते पाहू, कारण एकाच टोपलीत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत.

सुरकुतलेला आंबा मधून कापून बघा. गर पांढरट आणि कोयीचं कवच सुरीला सहज कापलं जाईल इतकं मऊ असेल, तर तो आंबा कोवळा तोडलेला आहे. असं फळ पिकण्याचा हुकूम नीट पाळू शकत नाही, कितीही आढी लावा. उलट कवच टणक आणि कोयीलगतचा गर पिवळसर असेल, तर आंबा तयार होता आणि दोष एसीचा. एसी खोलीतली हवा कोरडी करतो. उघड्या टोपलीतला आंबा सालीवाटे पाणी गमावत राहतो आणि पिकण्याआधीच सुकतो. देठाकडून काळं पडणं हा बुरशीचा रोग आहे. बुरशी बागेतूनच फळाबरोबर येते आणि फळ मऊ पडू लागलं की डोकं वर काढते. देठाचा तुकडा न ठेवता ओढून काढलेल्या आंब्यांत हे जास्त दिसतं. म्हणून कोकणात आंबा झेल्याने, म्हणजे लांब काठीला लावलेल्या जाळीने, देठासकट उतरवतात.

आता आढी. पेटी उघडल्यावर आंबे सावलीत दोन-तीन तास मोकळे ठेवा. ओले असतील तर पुसून कोरडे करा. पुठ्ठ्याचा खोका घ्या, त्याच्या चारी बाजूंना रुपयाच्या नाण्याएवढी दोन-दोन भोकं पाडा. तळाला तीन-चार बोटं जाडीचा भाताचा पेंढा, नाहीतर कातरलेला कोरा कागद. त्यावर आंब्यांचा एकच थर, एकमेकांना न चिकटता. वर पुन्हा पेंढा. फार तर दोन थर, त्याहून जास्त नको, कारण खालच्यांवर भार पडून ते दबतात. खोका एसीच्या झोताबाहेर, पण गॅलरीतल्या उन्हातही नाही, अशा जागी ठेवा. हापूसला रंग आणि स्वाद दोन्ही चांगले हवे असतील तर २० ते २५ अंश सेल्सिअस उत्तम. मुंबईच्या उकाड्यात ३० अंशांना लवकर पिकतो, पण रंग जरा फिका राहतो. पस्तिशीच्या पुढे पिकणं बिघडतं आणि गराला उग्र वास येतो.

पेंढा काय करतो? ऊब धरतो, धक्का खातो आणि फळातून निघणारा आणि फळाला पिकवणारा इथिलीन वायू थोडा अडवतो, तरी हवा खेळती राहते. हे शेवटचं महत्त्वाचं. फळ इथिलीन तयार करतं त्याच्या शेवटच्या पायरीला प्राणवायू लागतो, आणि कोंडलेला कार्बन डायऑक्साइड इथिलीनच्या कामात आडवा येतो. आंबे प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणाऱ्यांना अर्धवट पिकलेली, आंबूस वासाची फळं मिळतात ती यामुळे.

आढी रोज उघडून बघा. पिकलेला काढा, डागाळलेला आधी काढा. ‘एक नासका आंबा आढी नासवतो’ ही म्हण शब्दशः खरी आहे. जखम झालेलं किंवा कुजू लागलेलं फळ धडधाकट फळापेक्षा जास्त इथिलीन सोडतं, आणि शेजारचे आंबे घाईने पिकून मऊ पडतात. मागे रेंगाळलेल्या आंब्यांना हाच गुण उपयोगी पडतो. त्यांच्यात एक पूर्ण पिकलेला, पण निरोगी आंबा किंवा केळं ठेवा, दोन दिवसांत फरक दिसेल. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र कधीच नको. बारा-तेरा अंशांखाली त्याला थंडी बाधते, सालीवर राखाडी चट्टे येतात आणि नंतर बाहेर काढला तरी तो एकसारखा पिकत नाही. पिकल्यावर चार-पाच दिवस फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : वाशीच्या बाजारातून आणलेल्या पेटीत कागदाच्या छोट्या पुड्या मिळाल्या. हे कार्बाइड का? आंबे पाण्यात टाकून ओळखता येतात असं सगळे सांगतात. ते खरं आहे?
– र. शि., नेरुळ, अशाच आशयाची पत्रं कळवा आणि खारघरहून

उत्तर : पुडी म्हणजे कार्बाइडच असं नाही. बाजारात दोन प्रकारच्या पुड्या असतात आणि त्यांतला फरक जमीन-अस्मानाचा आहे.

कॅल्शियम कार्बाइड म्हणजे करड्या-काळ्या रंगाचे खडे, वेल्डिंगच्या दुकानात मिळतात ते. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून आंब्यांत ठेवले की हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून अॅसिटिलीन वायू निघतो आणि मागे चुन्याची पांढरी भुकटी उरते. अॅसिटिलीनची रचना इथिलीनशी मिळतीजुळती असल्याने फळ फसतं आणि पिकायला लागतं, पण अर्धवट. साल पिवळी होते, गर मागे राहतो. खरा धोका अॅसिटिलीनपेक्षा भेसळीचा. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि लसणासारखा जो वास येतो तो त्यांचाच. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११च्या नियमांनी कार्बाइडने फळं पिकवणं आणि अशी फळं विकणं, दोन्हींना बंदी आहे.

दुसरी पुडी बारीक छिद्रांची, कागदी किंवा कापडासारख्या पिशवीची असते. आत इथेफॉनची भुकटी असते आणि ती इथिलीनच सोडते. पुडीचा फळाला स्पर्श होऊ द्यायचा नाही, या अटीवर तिला परवानगी आहे. इथेफॉनच्या पाण्यात फळं बुडवून काढणं मात्र चालत नाही. काही विक्रेते सर्रास तसं करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग, वापरायला २०१६पासून परवानगी आहे.

पाण्याची चाचणी खोटी नाही, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. तयार झालेला आंबा पाण्यापेक्षा किंचित जड असतो म्हणून बुडतो, कोवळा तरंगतो. म्हणजे ही चाचणी फळ कधी तोडलं ते सांगते, कशाने पिकवलं ते नाही. कोवळे आंबे तोडून घाईने बाजारात आणणारा माणूसच बहुधा कार्बाइड वापरतो, म्हणून दोन्ही गोष्टींची सांगड पडली. तसंच ‘सगळे आंबे एकसारखे पिवळे म्हणजे कार्बाइड’ हेही पक्कं नाही. इथिलीनच्या खोलीतून आलेले आंबेही एकसारखे पिवळे असतात. संशयाला जागा तेव्हा, जेव्हा साल पिवळी जर्द पण दाबल्यावर फळ कडक, देठाशी नाक नेलं तरी आंब्याचा वास नाही, आणि सालीच्या खळग्यांत पांढरी भुकटी. अशा पेटीचा फोटो आणि पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात तक्रार करा. आंबे धुतल्याने वरची भुकटी जाते, एवढाच धुण्याचा उपयोग.

प्रश्न : बाहेरून सुंदर हापूस, कापला तर आत पांढरा स्पंज. ही पिकवण्यातली चूक का?
– वि. दे., नौपाडा

उत्तर : नाही. हा साका. तो फळ झाडावर असतानाच होतो, तापलेल्या जमिनीची धग आणि कोयीत अकाली सुरू झालेली रुजण्याची धडपड ही त्याची मुख्य कारणं मानली जातात. बाहेरून ओळखू येत नाही आणि आढीत बरा होत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची रत्ना ही जात, नीलम आणि हापूस यांच्या संकरातली, साक्यापासून मुक्त आहे. हापूसची चव ती नव्हे, हे मात्र मान्य.

प्रश्न : तुर्भ्याला लहान गाळा घेतला आहे. जळगावची कच्ची केळी आणून पिकवून कोपरखैरणे-घणसोलीच्या दुकानांना द्यायची आहेत. खोली कशी चालवायची? गॅस किती लागतो?
– स. पा., कोपरखैरणे

उत्तर : गॅस हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, म्हणून आधी तो संपवू. खोली ३ मीटर रुंद, ४ मीटर लांब, ३ मीटर उंच धरली तर ३६ घनमीटर झाली. १०० पीपीएमसाठी त्यात अवघे ३.६ लिटर इथिलीन लागतं. जास्त सोडून काही मिळत नाही. केळं एका पीपीएमलाही दाद देतं, शंभरला तर त्याची तहान केव्हाच भागलेली असते. इथिलीन ज्वलनशील आहे, पण हवेत २.७ टक्के झाल्याशिवाय पेट घेत नाही. तुमच्या खोलीत त्यासाठी साधारण ९७० लिटर जमावं लागेल. मोजून सोडलेल्या गॅसने हे होणार नाही, गळक्या सिलिंडरने होऊ शकतं. म्हणून सिलिंडर खोलीबाहेर. त्यापेक्षा बरा पर्याय म्हणजे जनरेटर, जो तापलेल्या उत्प्रेरकावरून अल्कोहोल नेऊन थोडा थोडा इथिलीन तयार करत राहतो.

खरी कसोटी तापमानाची, आणि खोलीच्या नव्हे, गराच्या तापमानाची. सुईचा थर्मामीटर केळ्याच्या पोटात खुपसून वाचायचा. ट्रकमधून आलेला माल आतून २८-३० अंशांचा असतो. तो आधी १७-१८ अंशांवर आणा, मगच गॅस. घाई केली तर क्रेटच्या कडेची केळी पिवळी आणि मधली हिरवी असा माल हाती येतो.

पुढचा क्रम असा : दार बंद करून २४ तास १०० पीपीएम, तापमान १७-१८ अंश, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. मग दार सताड उघडून २० ते ३० मिनिटं खोली मोकळी करा. गॅसचं काम इथे संपलं. आता केळी स्वतःच भरपूर इथिलीन सोडू लागलेली असतात. त्यानंतर तापमान १६ अंशांवर, शेवटच्या दिवशी १४ अंशांवर उतरवा आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास आणा. सकाळ-संध्याकाळ हवा बदलणं सुरूच ठेवा. चौथ्या-पाचव्या दिवशी फण्या अंगाने पिवळ्या आणि दोन्ही टोकांना हिरव्या दिसतील. दुकानदाराला हाच माल द्या. पूर्ण पिवळा दिलात तर त्याच्याकडे एक दिवसही टिकणार नाही.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा दार उघडायच्या कंटाळ्यात. पिकणारं फळ जोरात श्वास घेतं. खोलीत कार्बन डायऑक्साइड एक टक्क्याच्या वर गेला की पिकणं अडखळतं, आणि मालक गॅस कमी पडला समजून आणखी सोडतो. (माणसालाही हा वायू बाधतो. बंद खोलीत थेट शिरू नका, आधी दार उघडून थांबा.) दुसरं, थंड करणारं यंत्र खोलीच्या आकारावरून घेतलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केळ्यांतूनच इतकी उष्णता निघते की लहान यंत्र हरतं, आणि गर २४ अंशांच्या वर गेला की बाजारात ज्याला शिजलेला माल म्हणतात तो तयार होतो, म्हणजे आतून मऊ, बाहेरून हिरवट आणि मानेतून गळणारा. यंत्र घेताना एका वेळी किती टन माल ठेवणार तो आकडा सांगा. तिसरं, क्रेट भिंतीला टेकवणं. भिंतीपासून आणि दोन रांगांमध्ये वीतभर जागा सोडा, नाहीतर पंख्याची हवा मालाभोवतून फिरून परत येते, मालातून जात नाही. आणि आंब्याच्या मोसमात त्याच खोलीत आंबे घुसवायचा मोह टाळा. आंब्याला २० ते २२ अंश लागतात, केळ्याला १६ ते १८. मधलं तापमान दोघांनाही धड मानवत नाही.

प्रश्न : फ्रिजमध्ये केळी काळी पडतात आणि बाहेर ठेवली तर मे महिन्यात हिरवी राहूनच मऊ होतात. काय करायचं?
– सु. का., पाचपाखाडी

उत्तर : दोन्ही तापमानाचे खेळ. तेरा अंशांखाली केळ्याच्या सालीतल्या पेशी दुखावतात आणि साल काळवंडते. केळं आधीच पिकलेलं असेल तर आतला गर चांगला असतो, बिनधास्त खा. कच्चं असेल तर मात्र ते पुढे नीट पिकत नाही. उलट उकाड्यात पिष्टाची साखर व्हायचं काम जोरात चालतं, पण बाजारातल्या लांब केळ्याच्या जातीत सालीतलं हरितद्रव्य मोडायचं काम २४ अंशांच्या वर रखडतं. म्हणून मे महिन्यात रंगावर जाऊ नका, बोटाने दाबून ठरवा. एकदम डझनभर घेण्यापेक्षा दोन दिवसांपुरती घेणं हाच आमच्या मते शहाणपणा.

प्रश्न : पपई आठ दिवस पेपरात गुंडाळून ठेवली. पिवळी झाली, मऊ झाली, पण गोड झाली नाही. केळी तर गोड होतात.
– ज. म., कळवा

उत्तर : केळं झाडावरून उतरताना शिदोरी घेऊन येतं. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असतं, पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येतं आणि बाकीच्याची साखर होते. आंब्यातही पिष्टाचा साठा असतो. पपईत तो जवळजवळ नसतो. तिची साखर शेवटच्या दिवसांत झाडाकडून थेट येते, आणि तोडली की तो पुरवठा संपला. इथिलीन सालीचा रंग पालटेल, गर मऊ करेल, वास आणेल, पण नसलेली साखर कुठून आणणार? खरबुजाचंही हेच. पपई घेताना तळाशी निदान एक पिवळी रेघ उमटलेली बघा. पूर्ण हिरवी असेल तर भाजीसाठी घ्या.

प्रश्न : बारावीला वनस्पती संप्रेरकं आहेत. वायू हे संप्रेरक कसं काय? आणि बाकीच्या चौघांचा फळ पिकण्याशी संबंध असतो का?
– एक विद्यार्थिनी, ऐरोली

उत्तर : सूक्ष्म प्रमाणात तयार होऊन पेशींना निरोप देणारा पदार्थ म्हणजे संप्रेरक, तो द्रव असो वा वायू. रशियातल्या नेल्युबोव्ह यांना प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं आडवी वाढताना दिसली, आणि १९०१मध्ये त्यांनी दाखवलं की दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन त्याला कारण आहे. फळ स्वतः हा वायू तयार करतं हे रिचर्ड गेन यांनी १९३४मध्ये सफरचंदांवर सिद्ध केलं. फळात मेथिओनिन या अमिनो आम्लापासून एसएएम हे संयुग, त्यापासून एसीसी हे दुसरं संयुग आणि त्यापासून इथिलीन, अशी साखळी आहे. गंमत पुढे आहे. इथिलीनचे ग्राही, म्हणजे निरोप घेणारी प्रथिनं, वायू नसताना पिकण्याला दाबून धरतात. इथिलीन येऊन चिकटला की ती पकड सुटते. पहारेकऱ्याला झोपवल्यावर दार उघडावं तसं. आणि आंबा, केळं, चिकू, सीताफळ, टोमॅटो यांत सुटलेला इथिलीन आणखी इथिलीन तयार करायला लावतो, म्हणून ती तोडल्यावरही पिकतात.

द्राक्ष, संत्रं, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी यांत असा भडका उडत नाही. द्राक्षाला रंग आणि गोडी चढताना अॅब्सिसिक आम्ल पुढे असतं. ऑक्झिन बहुधा पिकणं रोखून धरतं. स्ट्रॉबेरीच्या अंगावरच्या बारीक बियांतून ते येतं, फळ वाढवतं, आणि ते ओसरलं की फळ लाल होतं. जिबरेलिन नाशिकच्या द्राक्षबागायतदारांच्या रोजच्या बोलण्यात असतं, पण ते मणी लांब आणि मोठे करण्यासाठी. कोकणात आंब्याला मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल देतात, ते झाडातलं जिबरेलिन तयार होणंच अडवतं. सायटोकायनिन कोवळ्या फळात पेशींची संख्या वाढवायचं काम करतं आणि हिरवेपणा टिकवून धरतं. परीक्षेत ‘इथिलीन पिकवतो’ एवढं लिहून थांबू नका, कोणत्या फळात ते लिहा.

प्रश्न : हिरवी संत्री तांदळाच्या डब्यात ठेवली तर पिकतील का?
– ग. ना., सानपाडा

उत्तर : नाही. संत्रं तोडल्यावर गोड होत नाही. इथिलीनने त्याची फक्त साल नारिंगी होते. आंबिया बहाराची हिरवट साल असलेली संत्री आतून गोड असू शकतात, हातात जड लागेल ते घ्या. तांदळाचा डबा चिकूसाठी ठेवा, तोही झाकण किंचित उघडं ठेवून, नाहीतर फळाच्या ओलाव्याने तांदूळ चिकटतील. चिकू तयार आहे का ते घेताना नखाने हलकं खरवडून बघा. सालीखाली हिरवं दिसलं तर तो कोवळा आहे, पिवळसर दिसलं तर डब्यात टाका.

प्रश्न : मेथी-कोथिंबीर फ्रिजमध्ये ठेवूनही दोन दिवसांत पिवळी पडते. फ्रिज बिघडला का?
– प्र. भो., कोपरी

उत्तर : खालच्या कप्प्यात सफरचंदं किंवा पिकलेले आंबे आहेत का ते बघा. इथिलीन पालेभाजीला म्हातारं करतो, तिचं हरितद्रव्य मोडतो. काकडीही त्याने पिवळी पडते, आणि फुलदाणीतले कार्नेशन फळांच्या टोपलीशेजारी एका रात्रीत मान टाकतात. फळं एका कप्प्यात, भाज्या दुसऱ्यात, आणि कोथिंबीर कोरड्या कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात. तरीही पिवळी पडली तर मग मेकॅनिकला बोलवा.